सदरमधील सहा शनिवारांचा शास्त्राभ्यास : एका चष्मेवाल्याचा अभिप्राय

नागपूरच्या सीताबर्डीतील माझ्या चष्म्याच्या दुकानाला ३१ वर्षे झाली. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाच्या नाकावर चाचणीची फ्रेम चढवायची, एकेक काच बदलायची आणि दर वेळी ‘आता काही दिसते का?’ असे विचारायचे, हाच माझा दिवसभराचा संवाद असतो. बायबलमधील मार्काच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात येशू बेथसैदाच्या आंधळ्याला हाच प्रश्न विचारतो, ही गोष्ट लहानपणापासून उपासनेला बसूनही माझ्या कधी ध्यानात आली नव्हती. ती यंदाच्या ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात आली, सदर भागातल्या एका चर्चच्या सभागृहात सहा शनिवार चाललेल्या शास्त्राभ्यासाच्या, म्हणजे बायबलच्या अभ्यासाच्या, वर्गात. आत्मिक दृष्टी म्हणजे काय आणि पूर्ण झालेला भविष्यवाद, म्हणजे संदेष्ट्यांनी आधी सांगून ठेवलेले वचन, माणसाला ओळखू कसा येतो, हा वर्गाचा विषय होता. माझ्या काही तक्रारी असल्यामुळे चर्चचे किंवा शिकवणाऱ्यांचे नाव येथे देत नाही.

व्यवहाराच्या गोष्टी आधी सांगून टाकतो. वेळ संध्याकाळी सहा ते आठ, शुल्क ३०० रुपये, त्यात छापील टिपणे, चहा आणि दर शनिवारी एक आलूबोंडा. कस्तुरचंद पार्क मेट्रो स्थानकावर उतरून पायी जाता येते, आणि ते बरे, कारण शनिवारी संध्याकाळी सदरमध्ये गाडी उभी करायला जागा शोधणे हीच एक उपासना आहे. पहिल्या दिवशी चाळीसच्या आसपास माणसे होती, शेवटच्या दिवशी सव्वीस. शिकवणारे एक निवृत्त पाळक होते. त्यांना सगळे पाळकसाहेब म्हणत आणि ते आम्हा सर्वांना, अगदी कॉलेजच्या मुलांनाही, भाऊ आणि ताई म्हणत.

पाचव्या शनिवारपासून सुरुवात करतो, कारण वर्गाचे मोल मला त्या दिवशी कळले. बेथसैदाच्या आंधळ्याची गोष्ट फक्त मार्काने लिहिली आहे, आणि येशूने दोन टप्प्यांत बरे केल्याची नोंद शुभवर्तमानांत याच एका माणसाबद्दल आहे. पहिल्यांदा हात ठेवल्यावर तो सांगतो की माणसे दिसतात, पण झाडे चालावीत तशी. दुसऱ्यांदा हात ठेवल्यावर त्याला सारे स्पष्ट दिसते. येशूला एका स्पर्शात जमले नाही की काय, असा प्रश्न एका ताईंनी सरळ विचारला. पाळकसाहेबांनी उत्तर न देता आम्हाला मागची आणि पुढची पाने वाचायला लावली. थोडे मागे, अठराव्या ओवीत, येशू होडीत बसलेल्या शिष्यांना विचारतो की डोळे असून तुम्हाला दिसत नाही का. थोडे पुढे त्यांच्यातलाच पेत्र ‘तू ख्रिस्त आहेस’ अशी कबुली देतो, आणि मनुष्याच्या पुत्राला, म्हणजे खुद्द येशूला, दुःख सोसावे लागेल, मारले जावे लागेल हे ऐकताच त्याच येशूला बाजूला घेऊन त्याचा निषेध करू लागतो. राजा येणार हे शास्त्र पेत्राला पाठ होते, यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातले दुःखी सेवकाचे शास्त्रही त्याच्या कानावरून गेलेच असणार, पण ती दोन्ही एकाच माणसात मिळतील हे त्याला दिसत नव्हते. ‘पेत्राला ख्रिस्त दिसला, भाऊ, पण झाडासारखा दिसला,’ असे पाळकसाहेब म्हणाले आणि क्षणभर थांबले. मार्काने ही गोष्ट नेमकी तेथेच का ठेवली, हे त्यानंतर कोणी विचारले नाही. हाच भाग पुढे दहाव्या अध्यायाच्या शेवटी यरीहोच्या बार्तीमयाशी संपतो, जो आंधळा असूनही रस्त्याकडेला बसून ‘दाविदाच्या पुत्रा’ अशी, म्हणजे येणाऱ्या राजाच्या नावाने, हाक मारतो. म्हणजे डोळस शिष्य चाचपडत असताना ज्याला येणाऱ्याचे नाव बरोबर सांगता आले, तो भिकारी होता.

येथे माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. जन्मापासून न दिसणाऱ्या मुलांवर शस्त्रक्रिया करून त्यांना दृष्टी देणारा आणि त्यानंतर ती मुले पाहायला कशी शिकतात याचा अभ्यास करणारा ‘प्रोजेक्ट प्रकाश’ नावाचा उपक्रम आपल्याच देशात डॉ. पवन सिन्हा यांनी उभा केला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात असे आढळले, की नुकतीच दृष्टी मिळालेल्या मुलांना हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी पाहून लगेच ओळखता येत नव्हती; डोळ्यांत प्रकाश शिरत होता, आकार समोर होता, तरी ओळख पटत नव्हती. काही दिवसांच्या सवयीनंतर ती पटू लागली. दिसणे आणि ओळखणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मी दुकानात रोज पाहतो, परंतु शास्त्राच्या बाबतीत तसेच असू शकेल असे मला वाटले नव्हते. योहानाच्या नवव्या अध्यायातला जन्मांध मनुष्य शिलोहाच्या तळ्यात डोळे धुऊन डोळस होतो, पण बरे करणाऱ्याला तो आधी ‘येशू नावाचा मनुष्य’ म्हणतो, मग ‘संदेष्टा’, मग ‘देवापासून आलेला’, आणि अगदी शेवटी त्याला प्रभू म्हणून नमन करतो. डोळे एका धुण्यात उघडले, ओळख मात्र सबंध अध्यायभर चालली आहे. त्याच अध्यायात परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणारे लोक, त्याच्या उलट दिशेने जातात. त्यांची नजर पहिल्यापासून साफ आहे अशी त्यांची खात्री असते, आणि अध्याय संपतो तेव्हा येशू त्यांना सांगतो की ‘आम्हाला दिसते’ असे तुम्ही म्हणता, म्हणूनच तुमचे पाप तसेच राहते.

पहिला शनिवारही चांगला होता, पण वेगळ्या अंगाने. लहानपणी संडे स्कूलमध्ये वचन पाठांतराच्या स्पर्धेत ख्रिस्त बेथलेहेमात जन्मेल असे सांगणारे जुन्या करारातले मीखा ५:२ म्हणून मी एक कंपासपेटी जिंकली होती, त्यामुळे बेथलेहेम एफ्राथाचे वचन निघाले तेव्हा मी थोडा ताठ बसलो. पाळकसाहेबांनी ते वचन सोडून मत्तयाचा दुसरा अध्याय उघडायला सांगितले. ख्रिस्त कोठे जन्मेल असे हेरोद राजा विचारतो तेव्हा मुख्य याजक आणि शास्त्री क्षणाचाही विलंब न लावता मीखाचे वचन सांगतात. उत्तर बरोबर असते. यरुशलेमेपासून बेथलेहेम सुमारे नऊ किलोमीटर, म्हणजे आपल्या सीताबर्डीहून विमानतळ गाठावे तेवढेच. तरी त्यांच्यापैकी कोणी तिकडे गेल्याची नोंद नाही. गेले ते पूर्वेकडून आलेले परदेशी, ज्यांना मीखा कोण हेही बहुधा ठाऊक नव्हते. माझ्या कंपासपेटीचा त्यानंतर मी कोठे उल्लेख केला नाही. याच्या जोडीला त्यांनी लूकच्या दुसऱ्या अध्यायातले शिमोन आणि हन्ना ठेवले. मंदिरात रोज मुले आणली जात असणार, आणि लूक सांगतो ते होल्यांच्या जोडीचे अर्पण तर नियमशास्त्राप्रमाणे कोकरू न परवडणाऱ्यांचे अर्पण होते. म्हणजे बाळ येशूला घेऊन आलेल्या त्या कुटुंबात बाहेरून पाहणाऱ्याला वेगळे काहीच दिसले नसते. म्हातारा शिमोन ते मूल हातात घेतो आणि परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, प्रकाश देणाऱ्या तारणाची जी भाषा बोलतो, ती यशयाच्या बेचाळिसाव्या आणि एकोणपन्नासाव्या अध्यायांतून आलेली आहे. शास्त्र त्यालाही पाठ होते आणि शास्त्र्यांनाही. फरक कोठे पडला, यावर लूक एवढेच सांगतो की तो वाट पाहत होता आणि पवित्र आत्मा त्याच्यावर होता.

दुसऱ्या शनिवारी पाळकसाहेबांनी कागदाची एक लांबच लांब पट्टी सभागृहाच्या भिंतीवर चिकटवली. १९४७ साली मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहेत सापडलेल्या यशयाच्या मोठ्या गुंडाळीची ती लांबी होती, सुमारे ७.३४ मीटर. ही गुंडाळी ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकातली मानली जाते आणि तिच्यात यशयाचे सहासष्ट अध्याय जवळजवळ पूर्ण आहेत. ती सापडण्यापूर्वी संपूर्ण इब्री (हिब्रू) जुन्या कराराची जी सर्वांत जुनी हस्तलिखिते हाती होती, ती इसवी सनाच्या १००० च्या आसपासची होती, त्यामुळे त्रेपन्नाव्या अध्यायातला मारला जाणारा, तोंड न उघडणारा सेवक येशूनंतर कोणी लिहून घातला असावा अशी शंका घेणाऱ्याला निदान तोंडी भांडता येत असे. आता ती शंका उरत नाही. पण एवढ्याने ‘हा सेवक म्हणजे येशूच’ हे सिद्ध होत नाही, हेही पाळकसाहेबांनी लगेच सांगितले, आणि मला वाटते की असा शिक्षक विरळा.

मागे बसलेल्या कॉलेजच्या एका मुलीने विचारले की यहुदी लोक हा अध्याय कसा वाचतात. उत्तर असे मिळाले, की अकराव्या शतकातल्या राशी नावाच्या पंडितापासून अनेक यहुदी भाष्यकार या सेवकात इस्राएल राष्ट्र पाहतात, आणि ते काही हवेतून काढलेले नाही, कारण यशया स्वतः ४१:८ आणि ४९:३ मध्ये सेवकाला इस्राएल असेच म्हणतो. ख्रिस्ती वाचन त्या राष्ट्राचे सारे दुःख एका व्यक्तीत गोळा झालेले पाहते. उत्तर प्रामाणिक होते, परंतु दोन मिनिटांत आटोपले. या प्रश्नाला एक अख्खा शनिवार द्यायला हवा होता, ही माझी पहिली तक्रार.

तिसऱ्या दिवशी अवघड वचने घेतली. होशेय ११:१ मधले ‘मिसरातून मी माझ्या पुत्राला बोलावले’ हे वाक्य पुढे काय होणार याबद्दल नाहीच. ते मागे घडलेल्या निर्गमाची, म्हणजे इस्राएल लोक मिसरातून (इजिप्तमधून) बाहेर पडल्याची, आठवण आहे, आणि तरी मत्तय ते बाळ येशूच्या मिसरातून परतण्याला लावून ‘पूर्ण झाले’ म्हणतो. यशया ७:१४ मधला इब्री शब्द तरुण स्त्री असा आहे, ‘सत्तरी’ नावाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात तो कुमारी झाला आणि मत्तयाने ग्रीक शब्द घेतला. शिवाय मूळ प्रसंग आहाज राजाच्या काळचा, शत्रू राजांच्या स्वारीच्या धास्तीतला आहे. हे ऐकून पुढच्या रांगेतले एक काका अस्वस्थ झाले आणि म्हणाले, की साहेब, तुम्ही तर आमची वचने काढून घेत आहात. पाळकसाहेब म्हणाले, की मी काढून घेत नाही, काका, मी फक्त ती जिथे ठेवलेली होती तिथे नेऊन दाखवतो आहे. त्यांचे म्हणणे असे, की ‘पूर्ण होणे’ याचा अर्थ दर वेळी भाकीत खरे ठरणे असा नसतो. कधी एखादा जुना आकार, जो इस्राएलाच्या आयुष्यात अर्धवट राहिला होता, तो येशूच्या आयुष्यात भरून येतो, आणि इब्री लोकांस पत्र जिला छाया म्हणते ती हीच. असा भविष्यवाद पुढे पाहून ओळखता येत नाही, मागे वळून पाहिल्यावरच ओळखता येतो. योहानानेही तसेच लिहिले आहे: गाढवीच्या शिंगरावर बसून येशू यरुशलेमेत शिरला तेव्हा शिष्यांना काही समजले नाही, त्याचे गौरव झाल्यावर त्यांना आठवले की हे त्याच्याविषयी लिहिलेले होते.

त्याच दिवशी आणखी एक बारकावा कळला, जो मी तीनदा लूक आणि यशया शेजारी ठेवून तपासला. नासरेथच्या सभास्थानात येशू यशयाचा एकसष्टावा अध्याय वाचतो, प्रभूच्या प्रसादाच्या वर्षापर्यंत येतो आणि ग्रंथ गुंडाळून ठेवतो. यशयाचे वाक्य तेथे संपत नाही. पुढे देवाच्या सूडाच्या दिवसाचा उल्लेख आहे. मग येशू म्हणतो की हा शास्त्रलेख आज तुमच्या कानी पडत असताना पूर्ण झाला आहे. कोठे थांबावे हे ज्याला ठाऊक आहे तोच वाचत होता, असे मला वाटले. ऐकणाऱ्यांनी मात्र थोड्याच वेळात त्याला गावाबाहेर ढकलत कड्यापर्यंत नेले.

चौथा शनिवार वाया गेला. पाळकसाहेब बाहेरगावी होते आणि बाहेरून बोलावलेले एक वक्ते प्रोजेक्टर घेऊन आले. त्यांनी पडद्यावर आकडे मांडले: आठ भविष्यवाद एकाच माणसात योगायोगाने पूर्ण होण्याची शक्यता दहाच्या सतराव्या घातात एक, आणि पुढे आणखी शून्ये. हे गणित विसाव्या शतकाच्या मध्यापासून फिरते आहे आणि मंडळीला ते आवडते, कारण शून्ये मोजताना छाती भरून येते. पण त्यात प्रत्येक घटनेला जी शक्यता दिली आहे ती कोठून आली हे सांगता येत नाही, त्या घटना एकमेकींपासून सुट्या आहेत असे गृहीत धरले आहे, आणि राजा शिंगरावर बसून येईल हे जखऱ्याचे वचन ठाऊक असलेल्या येशूने शिंगरू स्वतः मागवले होते हे तर पूर्ण विसरले आहे. ते कृत्य योगायोग नव्हे. तो मुद्दाम दाखवलेला संकेत होता, आणि त्याचे मोल त्यातच आहे. मी हात वर केला, मला प्रश्न शेवटी घेऊ असे सांगण्यात आले, आणि शेवट पावणेनऊला झाला, तोही प्रश्नांशिवाय. मधल्या वेळात आजच्या बातम्यांतली युद्धे, भूकंप आणि एक नकाशा दाखवून जगाचा शेवट फार दूर नाही असे सुचवण्यात आले. मार्क १३:३२ म्हणते की तो दिवस आणि घटका पुत्रालाही ठाऊक नाही; अमेरिकेत विल्यम मिलरच्या अनुयायांनी २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख धरून ख्रिस्ताच्या पुनरागमनाची वाट पाहिली होती, आणि २३ तारखेची सकाळ नेहमीसारखी उजाडली. या वक्त्यांनी यहुदी लोकांविषयी ‘हटवादाने आंधळे’ असे शब्द वापरले, ते मला सर्वांत जास्त खटकले. पुढच्या शनिवारी पाळकसाहेबांनी, वक्त्यांचे नाव न घेता, रोमकरांस पत्राचा अकरावा अध्याय वाचून दाखवला, जेथे प्रेषित पौल परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांना मूळ फांद्यांपुढे, म्हणजे यहुद्यांपुढे, बढाई मारू नका असे बजावतो. शिमोन, हन्ना, पेत्र आणि स्वतः पौल हे सगळे यहुदीच होते, आणि दमास्कसच्या वाटेवर तीन दिवस आंधळा झालेला पौल आंधळेपणावर बोलायला सर्वांत लायक होता, एवढे म्हणून ते पुढे गेले. या प्रसंगी त्यांनी अधिक कडक बोलायला हवे होते.

शेवटच्या दिवशी लूकच्या शुभवर्तमानातली अम्माऊस गावाची वाट होती. साठ स्टेडियन म्हणजे सुमारे अकरा किलोमीटर चालताना दोन शिष्यांना एक अनोळखी सोबती, म्हणजे पुन्हा उठलेला येशू, मोशेपासून सर्व संदेष्ट्यांपर्यंत शास्त्र उलगडून सांगतो, त्या दोघांची अंतःकरणे आतून पेटतात, आणि तरी त्यांना तो ओळखू येत नाही. ओळख पटते ती घरात, भाकर मोडताना. पाळकसाहेबांनी येथे कबूल केले की शास्त्राभ्यासाचा वर्ग फार तर ती वाट असू शकतो. त्यांनी नागपूरचीच एक हकीकत जोडली. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका मिशनऱ्याने बायबल वाचायला दिले आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले; १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत टिळकांचा बाप्तिस्मा झाला. हा भविष्यवाद म्हणायचा का, यावर वर्गात वीस मिनिटे वाद झाला, आणि सहा आठवड्यांतला तो सर्वांत जिवंत वेळ होता. पाळकसाहेबांचे मत नकारार्थी होते: गाडीतले बोलणे खरे ठरले म्हणून टिळक वळले नाहीत; त्यांना धरून ठेवले ते डोंगरावरील प्रवचनाने. मला ते पटले, काकांना पटले नाही, आणि दोघेही मेट्रोपर्यंत भांडत गेलो.

आता टिपणांविषयी. मजकूर उत्तम, वचनांचे संदर्भ अचूक, पण छपाईचा टाईप इतका बारीक की चाळिशीचा नंबर असलेल्या निम्म्या वर्गाला ती हातभर लांब धरून वाचावी लागत होती, आणि दृष्टीवरच्या वर्गात हे शोभत नाही. मी सांगितल्यावर पाचव्या आठवड्यापासून टाईप मोठा झाला. सभागृहातले दोन पंखे इतका आवाज करतात की मागे बसणाऱ्याला अर्धेच ऐकू जाते. पुढच्या तीन रांगांत जागा धरावी आणि स्वतःचे बायबल न्यावे, कारण तेथे ठेवलेल्या प्रती मोजक्या आहेत. पावसाळा संपल्यावर वर्ग पुन्हा भरणार आहे असे सांगण्यात आले. ३०० रुपये मी पुन्हा देईन, फक्त चौथा शनिवार कोण घेणार आहे ते विचारून मगच नाव नोंदवीन.